थर्ड पार्टी की फुल? नाशिकमध्ये पहिली गाडी घेणाऱ्यासाठी विम्याची उजळणी

गेल्या महिन्यात भाच्यानं सहा वर्षं जुनी पेट्रोल गाडी घेतली, मुंबई नाक्याजवळच्या एका डीलरकडून. पेढे घेऊनच घरी आला. गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू चिरडून झालेलं. मी म्हटलं, "इन्शुरन्सचा कागद दाखव." तो म्हणाला, "आहे ना मामा, फुल आहे. अजून पाच महिने बाकी आहेत." कागद पाहिला. फुल होता, पाच महिनेही बाकी होते. नाव मात्र आधीच्या मालकाचं.

म्हणजे त्या दिवशी भाच्याच्या हाती फुल इन्शुरन्स नव्हताच, होता तो फक्त थर्ड पार्टी. असं का, ते पुढे सांगतो. त्यानंतर दोन संध्याकाळी बसून त्याला जे समजावलं, तेच इथे लिहितोय. मी एजंट नाही. वीस वर्षं गाडी चालवतोय, दोन क्लेम केले, त्यातला एक निम्मा बुडाला, एवढंच माझं शिक्षण.

आधी कागद वाचायला शिका

पॉलिसीचा कागद म्हणजे एकाच पाकिटात घातलेल्या तीन वेगळ्या गोष्टी. पहिली थर्ड पार्टी, दुसरी मालक-चालकाचा अपघात विमा, तिसरी ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान. पहिल्या दोनच असतील तर लोक तिला "नुसती थर्ड पार्टी" म्हणतात. तिन्ही असतील तर ती "फुल" किंवा पॅकेज पॉलिसी. हप्त्याच्या रकान्यात या तिघांचे आकडे वेगवेगळे छापलेले असतात. बेरीज बघून फोन ठेवू नका, आकडे सुटे करून मागा.

थर्ड पार्टी घ्यावीच लागते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. ती नसताना पकडलं तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड ४,०००. पण दंडाला घाबरून थर्ड पार्टी काढणाऱ्यांना तिची खरी किंमत कळलेली नसते. तुमच्या गाडीनं रस्त्यावरचा माणूस गेला किंवा कायमचा अधू झाला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती कंपनी भरते, आणि तिला वरची मर्यादा नाही. कमावता माणूस गेला तर ही रक्कम सहज लाखांच्या घरात जाते, कधी कोटीच्याही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान, म्हणजे कुणाची गाडी, कुंपण, टपरी, यासाठी मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे.

म्हणून "स्वस्तातली, साधी, नावापुरती" असं थर्ड पार्टीबद्दल कुणी बोललं की मला राग येतो. माणसाला घरदार विकायला लावणारा धोका तीच अंगावर घेते. फुलमधला जास्तीचा भाग बहुतांशी पत्र्यासाठी असतो.

थर्ड पार्टीचा दर कंपनीच्या मर्जीवर नसतो, तो सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी गाडीला १,००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. वर १८ टक्के जीएसटी. त्यामुळे "आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. घासाघीस होते ती फक्त ओन डॅमेजमध्ये.

मालक-चालकाचा अपघात विमा १५ लाखांचा. गाडीचा मालक स्वतः गाडीत असताना गेला किंवा अपंग झाला तर हे पैसे. तुमच्याकडे तेवढ्याच रकमेचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा असेल तर २०१९ पासून हा नाकारता येतो. भाच्यानं नाकारायचं म्हटलं, कारण "कंपनीकडून ग्रुप विमा आहे". मी म्हटलं, नोकरी सोडलीस की तोही सुटला. साधारण तीनशे रुपयांचा मामला आहे, घेऊन टाक.

गाडीतली माणसं

आता ज्या गोष्टीवरून मी माझं मत बदललं ती सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत मीही इतरांसारखं सांगत असे: गाडी दहा वर्षांची झाली की थर्ड पार्टी पुरे.

थर्ड पार्टीतली "थर्ड पार्टी" म्हणजे कोण? रस्त्यावरचा पादचारी, समोरचा दुचाकीवाला, दुसऱ्या गाडीतली माणसं. तुमच्या खासगी गाडीत मागच्या सीटवर बसलेली तुमची मावशी, शेजारी, मित्र यात धरली जात नाहीत. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत, फुकट लिफ्ट घेऊन बसलेल्या माणसाची जबाबदारी कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून स्पष्ट झालंय. पॅकेज पॉलिसी असेल तर मात्र गाडीतल्या प्रवाशांची जबाबदारी तिच्यात येते.

नाशिकचा माणूस गाडी एकट्यानं कुठे चालवतो? चैत्रात नाही तर नवरात्रात वणीला गडावर जायचं, श्रावणी सोमवारी त्र्यंबकला, सोयरिकीला सिन्नर-संगमनेरकडे, पाहुणे आणायला कसारा घाटातून खाली. गाडी पाचची, माणसं सहा, मांडीवर एक पोर. पॉलिसी घेताना आपण बंपर आणि बॉनेटचा हिशेब करतो, मागच्या सीटचा करत नाही.

माझ्या सासऱ्यांची गाडी तेरा वर्षांची, ७९६ सीसी. इंदिरानगरात बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली. भाजी, दवाखाना, देऊळ, एवढीच फिरते. मी त्यांना थर्ड पार्टीवर आणणार होतो. कंपनीनं गाडीची किंमत ७०,००० धरली होती आणि ओन डॅमेजचे जीएसटीसकट २,२४२ मागत होती. सासरे म्हणाले, "जावईबापू, गाडी गेली तर गेली. पण वर्षातून दोनदा मी तिच्यातून चार म्हाताऱ्यांना गडावर नेतो, त्यांचं काय?" फुलच ठेवली. पत्र्यासाठी नाही, त्या चार म्हाताऱ्यांसाठी.

थर्ड पार्टीच घ्यायची असेल तर प्रवाशांसाठी वेगळा अपघात विमा जोडून मिळतो. रक्कम मर्यादित असते, पण अगदी नसण्यापेक्षा बरा. पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याची जबाबदारी वेगळी लिहून घ्या. ती जेमतेम ५० रुपयांत येते आणि लोक नेमकी तीच विसरतात.

गाडीची किंमत कोण ठरवतं

ओन डॅमेजचा सगळा डोलारा आयडीव्हीवर उभा असतो. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार भंगार झाली तर कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम. नव्या गाडीच्या शोरूम किमतीतून घसारा, म्हणजे वयानुसार घटलेली किंमत, वजा करत जातात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाच वर्षांपुढे तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवायची. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात.

पाच वर्षांपुढच्या याच मोकळ्या जागेत गंमत होते. भाच्याला तीन ठिकाणांहून कोटेशन आली. सगळ्यात स्वस्तवाल्यानं गाडी २,७०,००० ची दाखवली होती, बाकी दोघांनी ३,६०,००० च्या आसपास. हप्ता हजारभर रुपयांनी कमी, आणि गाडी चोरीला गेली तर नव्वद हजारांनी कमी. कोटेशनची तुलना करताना आधी आयडीव्ही सारखी करून घ्या, मग हप्ता बघा. उलट बाजूनं, आयडीव्ही उगाच फुगवूनही उपयोग नाही. बाजारात गाडी किती जाते ते चार जाहिराती बघून काढा आणि त्याच्या जवळपास ठेवा.

नाशिकचा एक छोटा फायदा आहे. जुन्या दरपत्रकात देशाचे दोन झोन होते. मुंबई, पुणे आणि इतर सहा मोठी शहरं अ झोनमध्ये, बाकी सगळा देश ब मध्ये. आपला एमएच १५ ब झोनमध्ये येतो. कंपन्यांना आता ओन डॅमेजचे दर ठरवायला मोकळीक आहे, तरी झोनचा रकाना अजून दिसतो. पुण्याची एमएच १२ ची जुनी गाडी इथे आणून चालवत असाल तर झोन नोंदणीवरून धरतात, हे लक्षात असू द्या.

क्लेमचे पैसे प्रत्यक्षात किती येतात

"फुल आहे" म्हणजे बिल कंपनी भरणार, असं नव्या माणसाला वाटतं. भाच्याच्या गाडीचा एक काल्पनिक हिशेब मी त्याला वहीत मांडून दाखवला. समजा द्वारका सर्कलला पुढच्या रिक्षेवर आदळला. बंपर ६,००० चा. बॉनेट आणि इतर धातूचे पार्ट १७,०००. मजुरी ५,०००. रंगकाम ८,०००. एकूण ३६,०००, जीएसटी बाजूला ठेवू.

बंपर प्लास्टिकचा. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर सरळ ५० टक्के घसारा, म्हणून मिळणार ३,०००. धातूवर गाडीच्या वयानुसार घसारा. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, म्हणजे १७,००० चे १०,२००. मजुरीवर घसारा नाही, ५,००० पूर्ण. रंगकामाचं एकत्र बिल असेल तर त्यातला चौथा हिस्सा रंगाचा माल धरतात आणि त्या मालावर निम्मा घसारा, म्हणून ७,०००. झाले २५,२००. यातून सक्तीची डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला आपणच सोसायची ठरावीक रक्कम, जाते: १,५०० सीसीपर्यंत १,०००, त्यापुढे २,०००. हातात २४,२००, खिशातून ११,८००. काचेवर मात्र घसारा नसतो. मुंबई-आग्रा हायवेला पुढच्या ट्रकचा खडा उडून काच तडकली तर तेवढं समाधान.

झिरो डेप घेतलं तर हा घसारा कंपनी कापत नाही. गॅरेजवाले त्यालाच बंपर टू बंपर म्हणतात. डिडक्टिबल तरीही जाते, आणि वर्षात किती क्लेम चालतील यावर बहुतेक पॉलिसींत मर्यादा असते. बहुतेक कंपन्या गाडी पाच-सात वर्षांची होईपर्यंतच झिरो डेप देतात. नवी गाडी असेल तर डोळे झाकून घ्या. नव्या गाडीचा बंपर आणि दिवे आधी कुठे ठेचतात, तर सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाला.

मग घ्यायची कोणती

गाडीवर कर्ज असेल तर हा प्रश्न तुमचा नाहीच. बँकेला फुलच लागते आणि पॉलिसीवर बँकेचं नावही चढतं. पुढच्या भागावर जा.

कर्ज नसेल तर स्वतःला विचारायचं: उद्या सकाळी पार्किंगमध्ये गाडीच्या जागी नुसता तेलाचा डाग दिसला, तर दुसरी गाडी घ्यायला खिशात पैसे आहेत का? भाच्याकडे नव्हते. त्यानं दोन वर्षं साठवून गाडी घेतली होती. त्याचे आकडे असे. थर्ड पार्टी ३,४१६, अपघात विमा ३०० धरला, जीएसटीसह ४,३८५. ओन डॅमेज ५,८०० धरून फुल ११,२२९. फरक ६,८४४, म्हणजे ३,६०,००० च्या गाडीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. वरचा द्वारकेचा एक अपघात साडेतीन वर्षांत एकदा झाला तरी पैसे वसूल. नवशिक्या हाताला तेवढं अंतर पुरेसं आहे, असं मी त्याला म्हटलं. त्याला ते आवडलं नाही.

दुसरा प्रश्न, गाडी रात्री कुठे उभी असते? सिडकोत घरासमोरच्या रस्त्यावर, गंगापूर रोडच्या आतल्या कॉलन्यांत जुन्या झाडाखाली, की तळघरातल्या पार्किंगमध्ये? चोरी, पडलेली फांदी, आग, दंगल, पूर, गारा हे सगळं ओन डॅमेजमध्ये येतं, थर्ड पार्टीत काहीच नाही. तिसरा प्रश्न मागच्या सीटचा, तो वर झालाच.

तिन्ही प्रश्नांना निवांत उत्तर देणारा माझा एक मित्र निफाडला आहे. पंधरा वर्षांची जीप, घर ते द्राक्षबाग, बाग ते घर, एकटाच. रात्री शेडमध्ये. त्याच्याकडे थर्ड पार्टी आणि स्वतःचा अपघात विमा, बस. गारपिटीत जीपला पोचे पडले तर, म्हटलं. तो म्हणाला, "भाऊ, आधीच्या पोच्यांत कोण ओळखणार?" त्याला फुल विकणं म्हणजे त्याला फसवणं.

लहान क्लेम करू नका, आधी हिशेब करा

वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात सूट मिळते. तिला एनसीबी म्हणतात: २०, २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. सूट थर्ड पार्टीवर नसते. एक क्लेम केला की पुन्हा शून्यावर.

माझा ओन डॅमेजचा मूळ हप्ता १०,०००, निम्मी सूट धरून ५,००० होता तेव्हाची गोष्ट. कॉलेज रोडला कुणीतरी दार घासून गेलं. बिल ९,०००, घसारा-डिडक्टिबल जाऊन हाती आले असते ६,०००. मूळ हप्ता तोच राहिला असं धरून मांडलं: क्लेम केल्यावर पुढच्या वर्षी १०,०००, मग ८,०००, ७,५००, ६,५००, ५,५००, मग कुठे पुन्हा ५,०००. पाच वर्षांत जास्तीचे १२,५००, जीएसटीसह १४,७५०. गाडी जुनी होत जाते तसा मूळ हप्ताही उतरतो, म्हणून खरा आकडा याहून थोडा कमी. तरीही सहा हजारांसाठी हा व्यवहार मी केला नाही. दार पेठ रोडच्या एका ओळखीच्या पेंटरकडून करून घेतलं.

एनसीबी माणसाची असते, गाडीची नाही. जुनी गाडी विकताना कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, ते तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येतं. आणि पॉलिसी संपल्यावर ९० दिवस उलटू दिले तर साठवलेली सगळी सूट जाते. शिवाय पॉलिसी तुटल्यावर ओन डॅमेज घेताना गाडीची तपासणी होते, फोटो-व्हिडिओ मागतात. क्लेम घेतलेला असताना "नाही घेतला" असं सांगून सूट लाटू नका. पुढच्या क्लेमच्या वेळी हमखास उघडं पडतं.

गोदेच्या पाण्यानं शिकवलेलं

बुडालेल्या निम्म्या क्लेमची गोष्ट हीच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा मी सराफ बाजाराच्या खालच्या गल्लीत नातेवाइकांकडे गेलो होतो. दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर आपण पूर मोजतो. त्या दिवशी मोजायला तो दिसतच नव्हता. गाडी काढायला रस्ता उरला नाही. रात्रीत पाणी सीटपर्यंत चढलं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. गाडीत चिखल, गाळाचा वास, डॅशबोर्डच्या कप्प्यात पाणी. मी आत बसलो आणि किल्ली फिरवली. एकदा खर्र झालं, दुसऱ्यांदा ठक्क, आणि मग काहीच नाही.

कंपनीचा नुकसान तपासणारा माणूस, म्हणजे सर्व्हेअर, आला, त्यानं बॉनेट उघडून एअर फिल्टर बाहेर काढला, पिळला. पाणी गळलं. शांतपणे विचारलं, "सेल मारला होता का?" मी प्रामाणिकपणे म्हटलं, "हो, दोनदा." त्यानं वहीत लिहून घेतलं. त्या एका ओळीनं माझे इंजिनाचे पैसे गेले. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पुराचं नुकसान फुलमध्ये येतं, म्हणून गालिचा, सीट, वायरिंग, सफाई याचे पैसे मिळाले. इंजिन मात्र पुरानं नाही, नंतर चालू करायला गेल्यानं बिघडलं, असं कंपनीचं म्हणणं. पॉलिसी नीट वाचली तर ते बरोबरही होतं.

म्हणून गोदाघाट, पंचवटी, जुनं नाशिक, नासर्डीकाठ, किंवा तळघरात पार्किंग असलेली कुठलीही सोसायटी, या भागांत राहत असाल तर फुलला इंजिन प्रोटेक्ट नावाची जोडणी घ्या. आणि घेतलं असलं तरी पाण्यात बुडालेल्या गाडीचा सेल मारू नका. बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, टोइंग बोलवा.

बाकीच्या जोडण्यांवर माझं मत थोडक्यात. रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे टोटल लॉस झाल्यावर बिलाची पूर्ण किंमत, गाडी नवी असेपर्यंतच मिळतं आणि तेव्हाच घेण्यासारखं आहे. रोडसाइड असिस्टन्स कसारा घाटात रात्री उपयोगी पडतो. कंझ्युमेबल्स, म्हणजे ऑइल-नटबोल्ट, स्वस्त असेल तर घ्या. किल्ली हरवल्याचं कवच महागड्या सेन्सर किल्लीला ठीक, साध्या किल्लीला नको. गाडी फार कमी फिरत असेल तर किलोमीटरप्रमाणे हप्ता असलेली योजना विचारा.

जुनी गाडी घेतलीत तर

आता भाच्याचं "फुल" कुठे गेलं ते. गाडी विकली गेली की थर्ड पार्टी कवच कायद्यानं नव्या मालकाकडे आपोआप जातं. ओन डॅमेज जात नाही. त्यासाठी खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायचा. गाडी भाच्याची आणि ओन डॅमेजचा करार दुसऱ्याच माणसाशी, अशात गाडी ठोकली तर कंपनी हात वर करते. आधीच्या मालकाला ती काही देत नाही, कारण गाडी त्याची राहिलेली नाही. मालक-चालकाचा अपघात विमाही नव्यानं घ्यावा लागतो.

त्यात आणखी एक खाच. आधीच्या मालकाला ४५ टक्के एनसीबी होती. ती त्याची, म्हणून उरलेल्या महिन्यांसाठी त्या सवलतीचा फरक भाच्याला भरावा लागला. डीलर म्हणाला, "राहू द्या ना साहेब, रिन्यूअलला बघू." असं सांगणारे सगळीकडे भेटतात. पेठ रोडच्या आरटीओत आरसीचं ट्रान्सफर होईपर्यंत थांबू नका. त्या अर्जाची पोच आणि विक्रीचे फॉर्म घेऊन कंपनीकडे जा.

नव्या गाडीत वेगळा सापळा. २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम घ्यावी लागते, पण ओन डॅमेज बहुधा एकाच वर्षाचं असतं. कागदावर मोठ्या अक्षरात तीन वर्षांपुढची तारीख दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. दुसऱ्या वर्षी गाडी उघडी. नव्या गाडीची पॉलिसी हातात आली की ओन डॅमेजची शेवटची तारीख शोधा आणि तिच्या महिनाभर आधीची आठवण मोबाइलमध्ये लावा. नंतर नुसतं ओन डॅमेज वेगळं, दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येतं. आणि विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असं काही बंधन नाही. बाहेरून एक कोटेशन आणून समोर ठेवलं की त्यांचाही आकडा खाली येतो, मी पाहिलंय.

पैसे भरायच्या आधी

आरसी समोर ठेवून पॉलिसीचा मसुदा अक्षर अन् अक्षर ताडून पाहा: नाव, इंजिन नंबर, चासी नंबर, सीसी, नोंदणीची तारीख. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं आणि पॉलिसीतही. त्यासाठी किटच्या किमतीच्या साधारण ४ टक्के ओन डॅमेजमध्ये आणि थर्ड पार्टीत ६० रुपये जास्त लागतात. सीएनजी न दाखवता वाचवलेले हे पैसे गाडीनं पेट घेतल्यावर फार महाग पडतात. तुमच्या भागात कॅशलेस गॅरेज कोणती आहेत ते नावानिशी विचारा. अंबड-सातपूरला राहणाऱ्याला मुंबईतल्या गॅरेजांची यादी काय कामाची?

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं फिरवू नका. २०२७ च्या सिंहस्थात भाविकांना त्र्यंबकला सोडून चार पैसे मिळवायचा मोह अनेकांना होईल. भाडं घेऊन जाताना ठोकली तर ओन डॅमेजचा क्लेम गेलाच म्हणून समजा. लायसन नसलेल्याच्या किंवा प्यायलेल्याच्या हाती गाडी दिली तरी तेच.

अपघात झालाच तर आधी माणसं बघा. मग गाडी हलवण्याआधी फोटो, नंबरप्लेट आणि आजूबाजूची जागा दिसेल असे. कंपनीला त्याच दिवशी कळवा. कुणाला लागलं असेल किंवा गाडी चोरीला गेली असेल तर पोलिसात तक्रार हवीच. चोरीच्या क्लेमला दोन्ही किल्ल्या मागतात, दुसरी कुठे आहे ते आजच शोधून ठेवा. सर्व्हेअरनं पाहण्याआधी गॅरेजला गाडी उघडायला देऊ नका.

क्लेम चुकीनं नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. नाशिकचं प्रकरण पुण्याच्या कार्यालयात जातं, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

भाच्याचं नाव पॉलिसीवर चढायला नऊ दिवस लागले. तोवर गाडी बाहेर काढायची नाही, असं मी बजावलं होतं. त्यानं ऐकलं, पण रोज संध्याकाळी खाली जायचा, कव्हर अर्धं वर करायचा आणि गाण्यांचा आवाज बारीक ठेवून तिच्यात नुसता बसून यायचा.